तार वेशीपर्यंत आली, दुकानापर्यंत कशी आणायची?
(आळंदी, मरकळ, चाकण पट्ट्यातील लहान कारखानदार व दुकानदारांसाठी इंटरनेटचा हिशेब)

आळंदी-मरकळ रस्त्यावर एक लहान वर्कशॉप आहे असे समजा. मालकासह आठ माणसे, दोन लेथ, एक प्रेस आणि एक वेल्डिंग मशीन. गुजरातमधील एका कारखान्याची ८० हजारांची ऑर्डर तयार आहे. टेम्पो दाराशी उभा आहे. संध्याकाळचे ५ वाजले आहेत. आता फक्त ई-वे बिल काढायचे बाकी. संगणकासमोर बसावे तर इंटरनेट बंद. केबलवाल्याला फोन करावा तर उत्तर मिळते, "पुढे जेसीबीने तार तोडलीय, उद्या बघू." मोबाईलवरून प्रयत्न करावा तर नेमके कार्तिकी यात्रेचे दिवस. सारे गाव माणसांनी भरलेले आणि मोबाईलवर नुसते चाक फिरते आहे.

५० हजारांपेक्षा अधिक किमतीचा माल ई-वे बिलाशिवाय परराज्यात पाठवता येत नाही. हा नियम १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. म्हणजे माल तयार, गाडी तयार, ड्रायव्हर तयार, तरीही माल जागेवरच. टेम्पोचा खोळंबा द्यावा लागतो, गिऱ्हाइकाची बोलणी ऐकावी लागतात आणि पुढच्या ऑर्डरच्या वेळी "तुमचा माल वेळेवर येत नाही" हा ठपका कायमचा बसतो.

एकेकाळी कारखाना काढणारा माणूस तीन गोष्टी पाहत असे: रस्ता, पाणी आणि वीज. आज चौथी गोष्ट पाहावी लागते ती म्हणजे इंटरनेट. जीएसटीचे रिटर्न, उद्यम नोंदणी, सरकारी खरेदीच्या 'जेम' पोर्टलवरील निविदा, मोठ्या कंपनीने पाठवलेले ड्रॉइंग, बँकेचा व्यवहार, दुकानातील यूपीआयचे पैसे हे सर्व याच तारेवरून येते-जाते. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून इतर व्यापाऱ्यांना द्यायचे बिलसुद्धा सरकारी पोर्टलवर नोंदवूनच द्यावे लागते. तेव्हा ही तार कोठून येते, का तुटते आणि ती भक्कम कशी करायची, हे प्रत्येक व्यावसायिकाने समजून घेतले पाहिजे.

थोडा इतिहास

आपला पट्टा उद्योगाला नवा नाही. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड, भोसरीचा माळ कारखान्यांनी भरून गेला. आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बजाज चाकणला पोहोचली आणि पुढील दहा-बारा वर्षांत मर्सिडीज-बेन्झ, फोक्सवॅगन आणि महिंद्र यांनीही चाकण गाठले. या मोठ्या कारखान्यांच्या मागे सुटे भाग करणारी हजारो लहान वर्कशॉप, फॅब्रिकेशनवाले, टायरवाले, भंगारवाले, ट्रान्सपोर्टवाले उभे राहिले. आपले कितीतरी भाईबंद याच साखळीत आहेत.

मोठा कारखाना दोन-तीन कंपन्यांच्या स्वतंत्र लाइन घेतो. एक तुटली तर दुसरी आपोआप सुरू होते. लहान वर्कशॉप मात्र एकाच तारेवर लटकलेले असते. फरक केवळ पैशाचा नाही. बराचसा फरक माहितीचा आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमाने आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे ही सेवा दिली. तेव्हा टेलिफोनच्या तारेला मॉडेम लावून डायल करावे लागे आणि वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. आज एखाद्या कंपनीकडून ५० एमबीचे ड्रॉइंग आले तर १०० एमबीपीएसच्या जोडणीवर ते ४ ते ५ सेकंदांत उतरते. १९९५ च्या वेगाने तेच ड्रॉइंग उतरायला साडेअकरा तास लागले असते, तेही मध्ये फोन तुटला नाही तर!

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली. २००४ साली ब्रॉडबँडचे पहिले राष्ट्रीय धोरण आले. त्यात किमान वेग २५६ किलोबिट ठरला. २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान २ एमबीपीएस वेग आवश्यक आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आल्यावर मोबाईल डेटा इतका स्वस्त झाला की भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांच्या हाती तो पोहोचला. ऑक्टोबर २०२२ पासून ५जी आले.

वारणेचा धडा

महाराष्ट्राने खेड्यात संगणक नेण्याचा प्रयोग फार लवकर केला. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी 'वारणा वायर्ड व्हिलेजेस' ही योजना सुरू झाली. वारणेच्या सहकारी साखर कारखान्याभोवती गावोगावी संगणक केंद्रे उघडली गेली. उसाची नोंद, तोडणीचा हुकूम, वजनाची पावती यांसाठी शेतकऱ्याला कारखान्यावर हेलपाटे मारावे लागत. ही माहिती गावातच मिळू लागली. देशभर या योजनेची चर्चा झाली.

पुढे काय झाले तेही लक्षात घ्या. काही वर्षांत संगणक जुने झाले, त्यांची देखभाल महाग पडू लागली. संशोधकांनी पाहणी केली तेव्हा दिसले की केंद्रांचा उपयोग मुख्यत्वे ऊस आणि खत यांच्या मोजक्या नोंदी देवाणघेवाण करण्यासाठी होतो. २००७ च्या सुमारास काही गावांत तेच काम साध्या मोबाईलवरील एसएमएसने करून पाहिले आणि ते कमी खर्चात झाले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, तार आणि यंत्र पोहोचवले म्हणजे काम संपले असे नाही; ते पुढे चालवायचे कोणी आणि कोणाच्या पैशाने, हे आधीच ठरवावे लागते. दुसरी, आधी काम पाहावे, मग यंत्र निवडावे. ज्याला फक्त यूपीआयचे पैसे घ्यायचे आहेत त्याला मोठी लाइन नको. ज्याला रोज ड्रॉइंग पाठवायची आहेत त्याचे मोबाईलच्या डेटावर भागणार नाही.

तार येते कोठून?

परदेशातील माहिती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून येते. पश्चिमेकडून येणाऱ्या यांतील बऱ्याच केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन मोठ्या केबल तुटल्या तेव्हा त्याचा फटका थेट भारतातील कचेऱ्यांना बसला होता. मुंबईहून जमिनीखालच्या फायबरने ही माहिती पुण्यात येते, पुण्यातून पिंपरी, भोसरी, चाकण आणि तेथून आळंदीसारख्या गावात. हा सारा मार्ग म्हणजे धरणातून येणारी मोठी जलवाहिनी समजा. तेथे सहसा पाणी कमी पडत नाही. अडचण असते ती गावाच्या टाकीपासून तुमच्या नळापर्यंत. याच शेवटच्या टप्प्यात निम्म्याहून अधिक दुखणी आहेत असे कोणताही तारवाला सांगेल.

पहिले दुखणे वाटणीचे. तुम्हाला १०० एमबीपीएस विकले जाते, पण तो वेग केवळ तुमचा नसतो. एकाच मुख्य तारेवर अनेक गिऱ्हाइके जोडलेली असतात. सर्वांनी एकदम नळ सोडला की प्रत्येकाची धार बारीक होते. म्हणून दुपारी वेगाने चालणारे नेट रात्री ९ वाजता रखडते. स्वस्त घरगुती योजनेत ही वाटणी जास्त असते. महाग 'लीज्ड लाइन'मध्ये संपूर्ण वेग तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो.

दुसरे दुखणे खोदाईचे. आपल्या भागात रस्ता रुंद होतो, पाण्याची पाइपलाइन पडते, वीजवाहिनी पडते, आणि प्रत्येक वेळी जेसीबी चालतो. फायबर काचेची असते, केसासारखी बारीक. एका झटक्यात ती तुटते आणि जोडायला खास मशीन व जाणता माणूस लागतो. केबल सरळ एका रेषेत टाकलेली असेल तर तुटलेल्या जागेपुढची सगळी गावे बंद. केबल गोल फिरवून रिंग केली असेल तर माहिती उलट दिशेने येते आणि गाव चालू राहते. खोदणाऱ्याने आधी तारवाल्यांना कळवावे यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. खोदाईचे काम घेणाऱ्या आपल्या ठेकेदार बंधूंनी त्याचा उपयोग अवश्य करावा. दुसऱ्याची रोजी तोडून आपले काम पुढे नेणे बरे नव्हे, आणि नुकसानभरपाईचा तगादाही मागे लागत नाही.

तिसरे दुखणे विजेचे. गुरुवारी आपल्या औद्योगिक पट्ट्यात दुरुस्तीसाठी वीज जाते हे सर्वांना ठाऊक आहे. वीज गेली की तुमचा राउटर बंद, आणि कोपऱ्यावरच्या खांबावरील केबलवाल्याची पेटीही बंद. तुमच्याकडे इन्व्हर्टर असून उपयोग नाही, पेटीलाही बॅटरी हवी.

यात्रेच्या दिवसांचा प्रश्न

आळंदीचा म्हणून एक खास प्रश्न आहे. आषाढी वारीसाठी पालखीचे प्रस्थान आणि कार्तिकी एकादशी या दिवसांत गावात लाखो माणसे येतात. मोबाईलचा टॉवर एका वेळी ठरावीक माणसांचेच काम करू शकतो. गर्दीत फोनवर नेटवर्कच्या सर्व दांड्या दिसतात, पण पैसे जात नाहीत, कारण दांड्या टॉवर जवळ आहे एवढेच सांगतात. तो मोकळा आहे की नाही हे सांगत नाहीत. अशा वेळी कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून ठेवतात. तरीही ऐन गर्दीत दुकानदाराची पंचाईत होतेच. वर्षातील सर्वांत मोठ्या विक्रीचे दिवस आणि गिऱ्हाईक म्हणते, "पैसे जात नाहीत, राहू द्या."

यावर सोपा उपाय आहे. फायबरची जोडणी टॉवरवर अवलंबून नसते. दुकानात फायबर असेल तर गिऱ्हाइकाला वायफाय देऊन पैसे घेता येतात. मात्र हिशेबाचा संगणक ज्या वायफायवर आहे ते गिऱ्हाइकाला देऊ नये. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय सुरू करण्याची सोय असते, ती वापरावी. आणि यात्रेच्या दिवसांसाठी गल्ल्यात सुटे पैसे तयार ठेवावेत हे सांगणे न लगे.

सरकारी योजना आणि आपण

गावोगावी फायबर नेण्याची केंद्र सरकारची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ पासून तिला 'भारतनेट' म्हणतात. पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत एक लाखाहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत फायबर पोहोचवली गेली. महाराष्ट्रात पुढील टप्प्याचे काम राज्य सरकारने 'महानेट' या नावाने हाती घेतले. यासाठीचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के कापून घेतलेल्या निधीतून येतो, म्हणजे अखेर तुमच्या-आमच्या बिलातूनच.

अनुभव मात्र संमिश्र आहे. पहिल्या टप्प्यात तार बहुतांशी सरळ रेषेत टाकली होती आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत पेटी बसवून काम थांबले. त्या खोलीला कुलूप, वीज नाही, जबाबदार माणूस नाही, अशी अवस्था अनेक गावांत झाली. वारणेचा धडा पुन्हा तोच! म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. तिच्यात रिंग पद्धत आहे आणि घरोघरी जोडणी देण्याचे काम गावातील उद्योजकाकडे सोपवण्याची तरतूद आहे.

आळंदी ही नगरपरिषद आहे, म्हणून ग्रामपंचायतीची ही योजना खुद्द शहराला लागू होत नाही. पण मरकळ, सोळू, धानोरे, केळगाव, चऱ्होली खुर्द या आसपासच्या ग्रामपंचायती आहेत आणि बरीच वर्कशॉप तेथेच आहेत. तेथील व्यावसायिकांनी ग्रामपंचायतीत जाऊन तीन प्रश्न विचारावेत: आपल्या पंचायतीत भारतनेटची पेटी बसली आहे काय? ती चालू आहे काय? आणि तिच्यातून दुकानांना जोडणी देणारा उद्योजक कोण? उत्तर मिळाले नाही तर ग्रामसभेत विचारावे. तो आपला हक्क आहे.

तरुणांना रोजगार

१९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि त्यानंतरच्या काळात गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडले. कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. घरात फोन नसलेल्या माणसालाही त्या बूथमुळे परगावी बोलता येऊ लागले. तशीच कल्पना इंटरनेटसाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. तिचे नाव 'पीएम-वाणी'. चहाची टपरी, किराणा दुकान किंवा सलून चालवणारा माणूस आपल्या दुकानात वायफाय बसवून लोकांना ५-१० रुपयांचा डेटा विकू शकतो. त्यासाठी त्याला परवाना लागत नाही, दूरसंचार खात्याकडे नोंदणी नाही, फी नाही. त्याने फक्त खात्याकडे नोंदलेल्या एखाद्या मधल्या कंपनीशी जोडून घ्यायचे असते.

ही योजना अपेक्षेइतकी पसरली नाही. एक कारण असे की कंपन्या अशा दुकानदारांकडून महागड्या लीज्ड लाइनचे दर मागत. जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवले की २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. आता हिशेब पुन्हा मांडून पाहण्यासारखा आहे. कामगारांच्या खोल्यांची वस्ती, एसटीचा थांबा, शाळा-कॉलेजजवळची गल्ली अशा ठिकाणी तो जमू शकतो. जेथे प्रत्येकाकडे भरपूर मोबाईल डेटा आहे तेथे जमणार नाही. आंधळेपणाने कोणी पैसे गुंतवू नयेत.

दुसरा मार्ग हाताच्या कसबाचा. तुटलेली फायबर जोडणाऱ्याला 'स्प्लायसर' म्हणतात. आपली मुले वेल्डिंग, वायरिंग, गॅरेजच्या कामात तरबेज आहेत. ज्याचा हात स्थिर आणि नजर बारीक, त्याला हे काम थोड्या प्रशिक्षणाने येते. त्याचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम कौशल्य विकास योजनेखाली आहेत. जोपर्यंत रस्ते खोदले जात आहेत तोपर्यंत या कसबाला काम कमी पडणार नाही.

आज काय करावे?

१. दोन जोडण्या ठेवा. समजा, दुसऱ्या जोडणीला महिना ५०० रुपये पडतात, म्हणजे वर्षाला ६ हजार. आता टेम्पोचा एका रात्रीचा खोळंबा २ हजार आणि उशिराबद्दल गिऱ्हाइकाने कापलेले अडीच हजार धरा. असे वर्षात दोनदा झाले तरी ९ हजार गेले.

२. दोन्ही तारा एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. कंपन्यांची नावे दोन आणि चर एकच असेल तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. एक फायबर आणि दुसरी सिमकार्डवर चालणारी, ही जोडी बरी.

३. राउटरला लहान बॅटरी लावा आणि खांबावरच्या पेटीला बॅटरी आहे काय ते केबलवाल्याला जोडणी घेण्यापूर्वीच विचारा.

४. फक्त खाली येण्याचा वेग पाहू नका. ड्रॉइंग, फोटो, कॅमेऱ्याचे चित्रण पाठवायचे असेल तर वर जाण्याचा वेगही तेवढाच हवा.

५. बिल पक्के घ्या. इंटरनेटवर १८ टक्के जीएसटी आहे. बिलावर तुमच्या धंद्याचे नाव व जीएसटी क्रमांक असेल तरच त्याचे क्रेडिट मिळते. कच्च्या पावतीवर घेतलेल्या स्वस्त जोडणीची तक्रारही कोठे करता येत नाही.

६. तक्रार तोंडी करू नका. कंपनीच्या क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीचे निवारण झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते.

७. कागद आधी तयार ठेवा. ई-वे बिलाचा पहिला भाग गाडी येण्यापूर्वी भरता येतो. गाडीचा क्रमांक पुढील १५ दिवसांत टाकता येतो. यात्रेच्या किंवा दुरुस्तीच्या दिवशी माल निघणार असेल तर हे काम आदल्या दिवशीच उरकावे. जीएसटीचे रिटर्नही शेवटच्या तारखेपर्यंत लोंबकळत ठेवू नये. उशीर झाला की रोजचे विलंब शुल्क सुरू होते आणि "नेट बंद होते" ही सबब कोणी ऐकत नाही.

शेवटचे सांगणे एवढेच. एकटा दुकानदार गेला तर कंपनी "तुमच्याकडे लाइन येत नाही" म्हणून परत पाठवते. एका गल्लीतील किंवा एका शेडमधील दहा-पंधरा व्यावसायिक मिळून गेले तर तीच कंपनी स्वतःच्या खर्चाने तार ओढते, कारण तिलाही गिऱ्हाईक हवेच असते. यात शेजारी कोण, कोणत्या समाजाचा, हा प्रश्न येत नाही. तार सर्वांची एकच आहे. पुढच्या गुरुवारी कारखाना बंद असेल तेव्हा शेजारच्या चार शेडवाल्यांना चहाला बोलवा आणि एका कागदावर लिहून काढा की गेल्या वर्षी नेट किती वेळा बंद पडले आणि कोणाचे किती नुकसान झाले. तो कागद घेऊन कंपनीकडे आणि ग्रामपंचायतीकडे जा.